घसा तोच, सल्ला वेगळा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन एकाच धाग्याची निघाली. म्हणून बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवलं आहे. केस गळण्यावरच्या पत्रांचा गठ्ठा टेबलावरच आहे, काळजी नसावी.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. वर्षभरात चार वेळा घसा धरला, ताप आला. आमच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं आणि म्हणाले, टॉन्सिल मोठे आहेत, सुट्टीत काढून टाका. त्याच आठवड्यात बहिणीकडे गेलो होतो. तिचं गाव तासाभरावर आहे. तिथल्या डॉक्टरांनी तोच घसा पाहिला आणि म्हणाले, हात लावू नका, वय वाढलं की बसतील. बहिणीच्या ओळखीत कुणाच्याच मुलाचे टॉन्सिल काढलेले नाहीत, आमच्या इमारतीत चार मुलांचे काढलेत. नवरा म्हणतो पहिला डॉक्टर पैशासाठी सांगतोय, सासूबाई म्हणतात दुसऱ्याला काही कळत नाही. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : बहुधा कुणीच नाही. कुणी खोटं बोलत असतं तर बरं झालं असतं, खोटं पकडता तरी येतं.

१९३४ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते. अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्कच्या शाळांमधली अकरा वर्षांची हजार मुलं घेतली. त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनी १७४ जणांना ‘काढा’ सांगितलं, म्हणजे साधारण ४५ टक्के. आता गंमत बघा. ज्या २१५ मुलांना ‘ठीक आहे’ म्हणून सोडलं होतं, तीच दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. त्यांनी ९९ निवडली. त्यातूनही सुटलेली ११६ तिसऱ्यांकडे नेली, त्यांनी ५१ निवडली. प्रत्येक फेरीत निम्म्याच्या आसपास! तीन फेऱ्यांनंतर हजारात ६५ मुलं अशी उरली, ज्यांना अजून कुणी ‘काढा’ म्हटलं नव्हतं. चौथी फेरी झाली असती तर त्यातली तीसेक तरी गेली असती, असं मला वाटतं. ‘दहातल्या चार-पाच मुलांचे काढावे लागतात’ हा हिशेब डॉक्टरांच्या डोक्यात आधीच बसलेला होता. समोर कुठली मुलं आणून उभी केली, याने त्यात फारसा फरक पडला नाही.

हसू नका, मीही त्यातलीच. शिकत होते तेव्हा आमच्या युनिटची बुधवारी सकाळी टॉन्सिलची लिस्ट असे. मनगटावर चिकटपट्टीवर नाव लिहिलेली सहा-सात मुलं ओळीने बसलेली आणि ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराशी तितक्याच आया. ओपीडीत सर मुलाला ‘आ कर’ म्हणायचे, जिभेवर पट्टी दाबायचे, टॉर्च मारायचे. तीन सेकंद. ‘मोठे आहेत. बुधवार.’ तपासणी संपली. आम्ही केसपेपरवर तारीख टाकायचो. त्यात लबाडी नव्हती. पगार ठरलेला होता, एक टॉन्सिल जास्त काढल्याने कुणाला काही जास्त मिळत नव्हतं. सरांना मनापासून वाटे की हे मुलाच्या भल्याचं आहे, आणि सरांना वाटे म्हणून आम्हालाही.

पुढे दुसऱ्या रुग्णालयात लागले. तिथले प्रमुख आईला आधी बसवून घ्यायचे आणि विचारायचे, ‘शाळा किती दिवस बुडली?’ तो आकडा केसपेपरच्या समासात लिहायचे, मग टॉर्चला हात लावायचे. मी मात्र सवयीने टॉन्सिलची मुलं लिस्टवर चढवत राहिले. दोन महिन्यांनी त्यांनी माझे केसपेपर पुढ्यात टाकले आणि विचारलं, ‘तू कुणाच्या हाताखाली शिकलीस?’ मी नाव सांगितलं. ‘वाटलंच,’ म्हणाले. अक्षर माझं होतं, सही माझी होती, तरी त्यांना त्यात माझे सर दिसले.

पुढे कळलं की या प्रकाराला अभ्यासकांनी नावच दिलंय : शस्त्रक्रियेची सही. एखाद्या भागातल्या सर्जन मंडळींची कुठली ऑपरेशनं जास्त आणि कुठली कमी याची एक ठेवण असते, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. हे नाव रुळलं ते जॉन वेनबर्ग या अमेरिकन डॉक्टरांच्या कामातून. व्हरमाँट या छोट्याशा राज्यातल्या रुग्णालयांच्या नोंदी त्यांनी आणि अॅलन गिटलसन यांनी चाळल्या. टॉन्सिल काढण्याचं प्रमाण एका भागात दहा हजार लोकांमागे १३, तर दुसऱ्या भागात १५१ निघालं. राज्य तेच, हवा तीच, माणसंही साधारण सारखीच. वैद्यकीय नियतकालिकांनी लेख परत पाठवला, शेवटी तो १९७३ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. पुढची हकिगत मला जास्त आवडते. हे आकडे तिथल्याच डॉक्टरांना दाखवले गेले. सगळ्यात वरच्या भागातल्या मंडळींना स्वतःचं प्रमाण इतकं आहे याची कल्पनाच नव्हती. त्यांनी एकमेकांचे निर्णय तपासायला सुरुवात केली आणि टॉन्सिलची ऑपरेशनं धाडकन खाली आली.

त्याच्याही आधी, १९३८ साली, अॅलिसन ग्लोव्हर या इंग्लिश डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे असेच आकडे मांडले होते. लंडनजवळच्या हॉर्न्सीमध्ये १९२८ साली १८६ मुलांचे टॉन्सिल काढले गेले आणि १९२९ साली १२. मधल्या काळात साथ आली नव्हती की गेली नव्हती. शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले होते, एवढंच. ग्लोव्हर यांनी दाटीवाटी, गरिबी, हवामान सगळं ताडून पाहिलं, कशाशीच मेळ बसेना. उलट खात्यापित्या घरच्या मुलांचे टॉन्सिल जास्त निघत. आणि त्या काळच्या भुलीत या ‘साध्या’ ऑपरेशनने दरवर्षी कित्येक मुलं दगावत होती, हे विसरू नका.

आता तुमच्या मुलाचं. घसा पुन्हा पुन्हा धरतो एवढंच कारण असेल, तर आज बरेच डॉक्टर जो मापदंड वापरतात तो असा : एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा. तोही नुसती खवखव नव्हे. ताप, गळ्यात सुजलेल्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके अशा खुणांसकट. इतका त्रास असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासातही असं दिसलं, की ऑपरेशन झालेल्यांचा घसा पुढची दोन वर्षं कमी धरला, पण न झालेल्यांतही बऱ्याच जणांचा त्रास आपोआप ओसरला. तुमच्याकडे एका वर्षात चार वेळा झालंय. थांबायला जागा आहे. नुसता आकार मोठा असण्याला या वयात फारसा अर्थ नाही, या वयात ते मोठेच असतात.

मात्र एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत आणि दोन्ही डॉक्टरांनी विचारली की नाही, कळायला मार्ग नाही. तो रात्री घोरतो का? घोरता घोरता श्वास मध्येच अडकून, मग दचकल्यासारखा पुन्हा सुरू होतो का? तसं असेल तर वरचा हिशेब बाजूला ठेवा, तो प्रश्नच वेगळा आहे आणि तिथे टॉन्सिल काढण्याचा चांगला उपयोग होतो. एकाच बाजूचा टॉन्सिल वाढत असेल तरीही लगेच दाखवा. नाहीतर एक वही करा : तारीख, ताप किती, शाळा किती दिवस बुडली. नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही ती वही वाचू द्या.

प्रश्न : मी सर्जन आहे, वय ३४. गर्भाशय काढण्याचं प्रमाण भागागणिक बदलतं, असं तुम्ही दोन अंकांपूर्वी लिहिलं होतंत. असं लिहिल्याने लोकांच्या मनात संशय पेरला जातो. कुठे वयस्कर माणसं जास्त, कुठे अंगमेहनत जास्त, कुठे लोक उशिरा दाखवतात, मग आकडे सारखे कसे येतील? आणि सुप्त सूर असा, की आम्ही सगळे पैशासाठी पोटं फाडतो.

उत्तर : तुमचा राग मला कळतो. तुमच्या वयात मीही असंच पत्र लिहिलं असतं.

वयाचा मुद्दा रास्त आहे, पण या अभ्यासांत वयाचा फरक आधी वजा केलेला असतो. तो काढूनही काय उरतं ते पाहा. अमेरिकेतल्या मेन राज्यात एका रुग्णालयाच्या परिसरातल्या बाया सत्तरीला पोचेपर्यंत त्यांच्यातल्या २० टक्क्यांची पिशवी काढलेली असे, दुसऱ्या परिसरात ७० टक्क्यांची. तिथल्याच आयोवा राज्यात पंच्याऐंशीपर्यंत प्रोस्टेटचं (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं) ऑपरेशन झालेले पुरुष एका भागात १५ टक्के, दुसऱ्यात ६० टक्क्यांहून जास्त. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत पिशवी काढलेल्या देशभरात सुमारे ३ टक्के निघतात. आंध्र प्रदेश, तेलंगणात तेच ८-९ टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीच्या आतल्या बाया या! आजार एका सीमारेषेवर इतका बदलत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

कुठल्या ऑपरेशनात फरक पडत नाही ते बघा, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल. खुब्याचं हाड मोडलं तर म्हातारा माणूस कुठेही असो, तो रुग्णालयात येतोच आणि निदानावर दुमत नसतं. त्याचे आकडे भागाभागांत जवळजवळ सारखे. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशनही तसंच. फरक फुगतो तो टॉन्सिल, गर्भाशय, प्रोस्टेट, मणक्याची ऑपरेशनं यांत. म्हणजे जिथे ‘करा’ म्हणणाऱ्यालाही आधार सापडतो आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्यालाही. त्या मोकळ्या जागेत आपण सवयीने चालतो, आणि सवय आपल्या सरांची असते.

पैशाचं म्हणाल तर तो अजिबात नसतो, असं मी म्हणणार नाही. सगळं आयुष्य याच धंद्यात गेलं, इतकी भोळी मी नाही. पण एकट्या पैशाने हे कोडं सुटत नाही. १९८२ साली न्यू इंग्लंड (हा अमेरिकेचा ईशान्य भाग), इंग्लंड आणि नॉर्वे यांची तुलना झाली. इंग्लंड-नॉर्वेत सरकारी व्यवस्था, सर्जनला ऑपरेशनमागे पैसे नाहीत. एकूण प्रमाण अमेरिकेत जास्त निघालं, ते खरं. पण एका भागाहून दुसऱ्या भागात होणारी उलथापालथ तिन्ही देशांत सारखीच, आणि त्याच त्याच ऑपरेशनांत!

की ज्ञान कमी पडतं? तर अमेरिकेतली बॉस्टन आणि न्यू हेवन ही शहरं घ्या. एका ठिकाणी हार्वर्ड विद्यापीठ, दुसऱ्या ठिकाणी येल. हृदयाची बायपास न्यू हेवनमध्ये बॉस्टनच्या दुप्पट व्हायची, आणि मानेतली रक्तवाहिनी साफ करण्याचं ऑपरेशन बॉस्टनमध्ये न्यू हेवनच्या दुपटीहून जास्त. अडाणी कोणाला म्हणणार?

रुग्णालयातल्या खाटांचाही भाग आहे. मिल्टन रोमर या अमेरिकन अभ्यासकांनी साठेक वर्षांपूर्वीच म्हणून ठेवलंय की खाट बांधली की ती भरते. सर्जनचंही तसंच. नवा सर्जन येतो, त्याचे हात शिवशिवत असतात, आणि वर्षभरात त्या भागात त्याच्या हातखंड्याचा आजार वाढलेला दिसतो. तुमच्याकडे बोट दाखवत नाही. मी नवीन गेले तेव्हा त्या भागात पित्ताशयाचे खडे अचानक वाढले होते!

आणि एक, हे जरा बोचेल. स्वित्झर्लंडमधल्या तिचिनो प्रांतात सामान्य लोकांची तुलना डॉक्टर आणि त्यांच्या घरच्यांशी केली गेली. टॉन्सिल, हर्निया, पित्ताशय, मूळव्याध, गर्भाशय ही ऑपरेशनं डॉक्टरांच्या घरी कमी झालेली निघाली. अपेंडिक्स मात्र दोन्हीकडे सारखंच, तिथे घासाघीस करायला कुणाला वेळच नसतो. डॉक्टरांच्या घरात गर्भाशयाला जेवढं अभय, जवळपास तेवढंच वकिलांच्या बायकांना होतं! आता वकिलांना वैद्यकशास्त्र कळतं म्हणून, की आपला हात जरा थबकतो म्हणून, ते तुम्हीच ठरवा. त्याच प्रांतात १९८४ साली वर्तमानपत्रांतून आणि रेडिओ-टीव्हीवरून गर्भाशयाच्या ऑपरेशनची चर्चा झाली, आणि प्रमाण चौथ्या हिश्श्याने घटलं. लोकांच्या मनात संशय पेरला गेला असेलही. पण बायांनी दोन प्रश्न जास्त विचारले आणि त्याने कुणाचं बिघडल्याचं मला तरी दिसत नाही.

एक करून पाहा. गेल्या वर्षीचं तुमचं ओटी रजिस्टर घ्या, शेजारच्या सर्जनचं मागा, आणि दोघं मिळून नुसती मोजणी करा. मी हे केलं ते निवृत्तीच्या आदल्या वर्षी. फार उशीर केला.

प्रश्न : ताई, माझं वय ६६. गुडघे दुखतात. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, उजवा गुडघा संपलाय, बदलून घ्या. मुलगा म्हणतो आत्ताच करू, पुढे वय वाढेल. सून म्हणते तिच्या माहेरच्या गल्लीत तिघींनी केलाय, मस्त चालतात. धाकटी जाऊ म्हणते मुळीच करू नकोस, तिच्याकडे कुणीच करत नाही. विहिणीने केला आणि तिला पस्तावा झालाय. मी काय करू?

उत्तर : वरची दोन उत्तरं वाचून ‘कमी ऑपरेशनं तेच शहाणपण’ असं घेऊ नका. ज्या भागात प्रमाण कमी असतं तिथे पुष्कळ माणसं निष्कारण लंगडतही असतात. सर्जन लांब असतो, रांग मोठी असते, किंवा ‘या वयात दुखायचंच’ म्हणून कुणी पाठवतच नाही. धाकट्या जावेकडे कुणी करत नाही, याचा अर्थ तिथले गुडघे धड आहेत असा होत नाही.

पण कॅनडातल्या ओंटारिओत एक फार बोलका अभ्यास झाला. गुडघे-खुबे बदलण्याचं प्रमाण जिथे जास्त आणि जिथे कमी, असे दोन भाग घेतले. सांध्याचा त्रास तीव्र आहे, डॉक्टरांच्या हिशेबाने ऑपरेशनला पात्र आहेत, अशा माणसांना विचारलं : तुम्हाला करायचंय का? ‘हो, नक्की’ म्हणणारे कुठल्याच भागात १५ टक्क्यांच्या वर गेले नाहीत. एक्स-रे सारखा असूनही एकाला तो गुडघा घेऊन आणखी दहा वर्षं काढायची असतात आणि दुसऱ्याला उद्याच सुटका हवी असते. दोघंही बरोबर असू शकतात. मोडलेल्या खुब्यात असं विचारायला जागा नसते, तुमच्या गुडघ्यात आहे.

प्रोस्टेटच्या पुरुषांतही वेनबर्ग यांच्या मंडळींना हेच दिसलं. लघवीला रात्री चारदा उठणारे दोघे. एक त्याने पार वैतागलेला, दुसरा म्हणतो चालतंय की, मला ऑपरेशननंतरच्या तक्रारी नकोत. त्रास सारखाच, पण बोचणी वेगळी. दोन्ही बाजू नीट समजावून सांगितल्या की बरेच जण थांबणं पसंत करत, आणि ज्याला खरंच हवं असे तो डोळे उघडे ठेवून टेबलावर येई.

तुमचं पत्र चार पानी आहे, मी दोनदा वाचलं. मुलगा, सून, जाऊ, विहीण, सुनेच्या गल्लीतल्या तिघी, सगळ्यांचं म्हणणं त्यात आहे. दुखण्याबद्दल दोन ओळी आहेत. ‘मला करायचंय’ असं एकदाही आलेलं नाही, आणि ‘मला नको’ असंही नाही.

एक्स-रे घडी करून ठेवा. रात्री दुखण्याने जाग येते का? जिना उतरताना कठड्याला धरता की एकेक पायरी बसून उतरता? कुठे जायचं सोडून दिलंय, आणि ते सोडल्याचं वाईट वाटतं की हायसं? मांडीच्या स्नायूंचे व्यायाम कुणी शिकवले का, आणि शिकवले असतील तर तीन महिने सलग केलेत का, खरं सांगा. मग सर्जनकडे एकट्या जा, मुलाला बाहेर बसवा, आणि विचारा : नाही केलं तर वर्षभरात काय होईल? केलं तर माझ्यासारख्या किती जणी नाखूश राहतात? तुमच्या आईचा गुडघा असता तर कधी केला असता? शेवटच्या प्रश्नाला ते किती वेळ घेतात तेवढं बघा.

वर्षभर थांबल्याने गुडघा हातचा जाईल अशी भीती सहसा नसते. उत्तरं लिहून पाठवा. फक्त तुमची, जावेची नकोत.